बोट, आवाज आणि बटण

'आईला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला, अक्षरंही मोठी करून दिली. तरी ती आलेला फोन उचलण्यापलीकडे काही करत नाही. आता दुसरा कोणता घ्यावा?' ज्येष्ठांच्या मोबाइलचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्नातच एक समजूत दडलेली आहे. कुठेतरी 'म्हाताऱ्या माणसांसाठीचा बरोबर फोन' आहे आणि तो सापडला की काम फत्ते, अशी ती समजूत. या प्रकरणात आपण थोडी वेगळी चौकशी करू. फोन कोणता, यापेक्षा एखादं काम फोनला किती तऱ्हांनी सांगता येतं आणि एक तऱ्हा फसली तर पुढे काय होतं, ते पाहू.

चौकशीसाठी गाव घेऊ धावडा. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगराकडचं, बुलढाण्याच्या हद्दीजवळचं हे गाव. कपाशी, सोयाबीन, मका, मिरची ही इथली पिकं. इथल्या सत्तरीच्या शेतकऱ्यापुढे मोबाइल येतो तो पीएम-किसानची ई-केवायसी, ई-पीक पाहणी, बँकेचा ओटीपी आणि बाहेरगावी गेलेल्या लेकाचा व्हिडिओ कॉल घेऊन. चारही कामं चार तऱ्हेची आहेत. एकात अंगठा लागतो, दुसऱ्यात कॅमेरा, तिसऱ्यात आकडे, चौथ्यात नुसता चेहरा आणि आवाज. फोनला आपलं म्हणणं कळवण्याच्या या तऱ्हांनाच 'इनपुट' म्हणतात.

१. पडद्याला बोट कळतं कसं?

बटणाच्या फोनला जोर कळायचा. आजच्या फोनला तो कळत नाही. त्याच्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते आणि तिच्याभोवती अगदी सौम्य विद्युतक्षेत्र. बोट टेकलं की आपलं शरीर त्यातला किंचित विद्युतभार ओढून घेतं. जाळीच्या नेमक्या कोणत्या चौकात हा फरक पडला, ते आतली चिप मोजते. म्हणजे काचेच्या दृष्टीने बोट किती जोरात आलं याला किंमत नाही. कातडी किती ओलसर आहे आणि तिचा किती भाग टेकला, एवढंच तिला दिसतं.

आता वयाचा हिशेब मांडा. वय वाढतं तशी त्वचा कोरडी पडते. त्यात आयुष्यभर विळा-खुरपं धरलेला हात असेल तर बोटांना घट्टे. अशा बोटाची खूण काचेला क्षीण मिळते. पहिला स्पर्श वाया गेला की माणूस स्वाभाविकपणे करतो ते हे : आणखी जोरात दाबतो आणि जास्त वेळ दाबून धरतो. इथेच घोटाळा होतो. बोट अर्ध्या सेकंदाच्या आसपास एका जागी राहिलं की बहुतेक फोन त्याचा अर्थ 'उघड' असा न घेता 'या चित्राचं काहीतरी वेगळं करायचंय' असा घेतात. मग चित्र हलतं, भलतीच यादी उघडते, कधी चित्र जागचं गायब होतं. 'माझ्या हातून बिघडला' असं म्हणून आजी फोन खाली ठेवते. बिघडलेलं काहीच नसतं. तिची नव्या प्रकारच्या काचेवरची जुनी, बटणाच्या फोनवर अगदी बरोबर ठरलेली सवय तेवढी आडवी आलेली असते.

जपानात फुजित्सू कंपनी ज्येष्ठांसाठी 'राकुराकु' नावाचे फोन बरीच वर्षं बनवत होती. २०१२ मध्ये त्यांचा स्मार्टफोन आला तेव्हा त्याच्या पडद्यात टेकणं आणि दाबणं यांतला फरक ओळखण्याची सोय होती. नुसतं बोट टेकलं तर चिन्हाचा रंग बदले, नीट दाबलं तरच काम होई. बटणाची भाषा काचेला शिकवली, म्हणा ना. माझ्या मते ज्येष्ठांसाठीच्या रचनेतला हा फार शहाणा विचार होता, कारण त्यात माणसाची सवय न बदलता यंत्राची बदलली.

दुसरा मुद्दा आकाराचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं की एखाद्या ठिकाणावर हात नेमका नेण्याला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो : ते ठिकाण किती लांब आहे आणि किती रुंद आहे. लांब आणि अरुंद म्हणजे अवघड. हात थरथरत असेल तर अरुंद ठिकाणाची शिक्षा आणखी मोठी. अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारस बटण साधारण ९ मिलिमीटरचं असावं अशी आहे. पण ती सर्वांसाठीची किमान मर्यादा आहे, कापऱ्या हातासाठी मुद्दाम काढलेलं माप नव्हे.

आणि अक्षरं मोठी केल्याने प्रश्न का सुटत नाही? अक्षर मोठं झालं की पडद्यावर मजकूर कमी मावतो. मग 'पुढे जा' हे बटण खाली, नजरेआड ढकललं जातं. पडदा वर सरकवल्याशिवाय ते दिसत नाही आणि तिथे काही आहे याची खूणही नसते. दिसण्याची अडचण गेली, तिच्या जागी सापडण्याची आली.

२. अंगठ्याची गोष्ट

एकच तऱ्हा ठेवली तर काय होतं आणि दुसऱ्या तऱ्हा जोडल्या तर काय होतं, याचं आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं उदाहरण म्हणजे पेन्शनरांचा हयातीचा दाखला.

दर नोव्हेंबरात पेन्शनरांनी आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा, ही जुनी रीत. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' आणलं. आधारला जोडलेला बोटाचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळं यंत्राला दाखवायची की दाखला तयार. कागदावर हे सोपं होतं. पण बोटाच्या रेषा वयाने आणि कष्टाने झिजतात. ज्यांना दाखल्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांचाच ठसा सगळ्यात बेभरवशाचा. आधार व्यवस्थेत दहा बोटांपैकी कोणतं बोट सर्वांत चांगलं उमटतं हे आधी तपासून ठेवण्याची सोयसुद्धा होती. म्हणजे अडचण ठाऊक होती. पण उत्तर शोधलं जात होतं ते बोटातच.

खरा बदल नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. साध्या स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून दाखला देता येऊ लागला. वेगळं यंत्र नको आणि रेषांचा प्रश्नच नाही. शेतकऱ्यांच्या बाबतीत तीच वाट जून २०२३ मध्ये उघडली. पीएम-किसानच्या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून ई-केवायसी करता येऊ लागली. त्याआधी दोन वाटा होत्या : आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी, नाहीतर सेवा केंद्रावर जाऊन अंगठा.

या तीन वाटांकडे नीट पाहा. ओटीपी हवा तर नंबर जोडलेला हवा, तो चालू हवा, आणि आलेले आकडे वेळ संपण्याआधी वाचून टाइप करता यायला हवेत. अंगठा हवा तर रेषा हव्यात आणि केंद्रापर्यंत जाणं हवं. चेहरा हवा तर उजेड समोरून हवा, हात स्थिर हवा आणि सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायला हवी. प्रत्येक वाट कुणाला तरी अडवते, पण तिन्ही मिळून एकाच माणसाला अडवण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. अनेक इनपुट ठेवण्याचं खरं कारण हे आहे. नव्या तंत्राची हौस हे त्याचं कारण नव्हे.

तरीही या रचनेत एक उणीव राहते. वाटा वेगवेगळ्या आहेत, पण एकीवरून दुसरीवर जायला पूल नाही. चेहऱ्यासाठी आणखी एक वेगळं ॲप लागतं. एका वाटेवर तीनदा नकार मिळाल्यावर 'आता हे करून बघा' असं तिथल्या तिथे, मराठीत, माणसासारखं कुणी सांगायला हवं. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

३. 'कपाशी' कशी लिहाल?

आता लिहिण्याकडे वळू. एकच शब्द घेऊ : कपाशी.

पहिली तऱ्हा, इंग्रजी कळफलकावरून मराठी. के, ए, पी, ए, एस, एच, आय अशी सात अक्षरं दाबायची, मग फोन 'कपाशी' सुचवतो. तरुणांना हे सहज येतं. पण ज्यांची शाळा चौथीत सुटली, त्यांना 'श'साठी एस आणि एच लागतात हे कळणार कसं? मराठी लिहायला आधी इंग्रजी यायला हवी, ही अट विचित्रच आहे.

दुसरी तऱ्हा, इन्स्क्रिप्ट हा सरकारने प्रमाण ठरवलेला देवनागरी कळफलक. क, प, काना, श, दुसरी वेलांटी. पाच चिन्हं दाबली की झालं. हिशेब चोख, पण पडद्यावर सगळी चिन्हं एकदम मांडली की प्रत्येक बटण बारीक होतं. फिट्सचा हिशेब इथे आडवा येतो.

तिसरी तऱ्हा मुंबईच्या आयआयटीत तयार झाली. तिथल्या औद्योगिक आरेखन केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास 'स्वरचक्र' हा कळफलक आणला. यात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने, शाळेच्या तक्त्यात असतात तशी मांडलेली. 'प'वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उघडतं आणि त्यात पा, पि, पी, पु अशी बाराखडी दिसते. बोट न उचलता 'पा'कडे सरकवायचं आणि सोडायचं. म्हणजे क, पा, शी. तीन स्पर्शांत कपाशी. ज्या पिढीने बाराखडी घोकली तिच्या डोक्यात आधीच असलेला नकाशा इथे पडद्यावर उतरवला आहे. माझ्या पाहण्यात मराठीसाठी इतका विचार करून केलेली कळफलकाची रचना दुसरी नाही.

मात्र तिचीही एक किंमत आहे. बोट टेकवून, न उचलता, नेमक्या दिशेला सरकवणं ही स्थिर हाताची करामत आहे. कापरं भरलेल्या बोटाला टिचकी परवडते, सरकवणं नाही. तिथे नुसत्या टिचक्यांचा इन्स्क्रिप्ट उजवा ठरू शकतो. चौथी तऱ्हा म्हणजे पडद्यावर बोटाने लिहायचं आणि फोनने ते अक्षर ओळखायचं. पत्रं लिहिलेल्या, वळणदार अक्षराच्या आजोबांना ती एकदम आवडते.

तेव्हा 'उत्तम मराठी कळफलक कोणता' या प्रश्नाला उत्तर नाही. हात कुणाचा आहे, यावर ते ठरतं.

४. मग सगळं बोलूनच करावं की!

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून टाइप करण्याची सोय आठ भारतीय भाषांना दिली. त्यांत मराठी होती. त्याआधी २०१३ मध्ये व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला होता. वाचता न येणाऱ्या माणसासाठी ही दोन दारं केवढी मोठी, हे सांगायला नको. पण या दोन दारांत एक फरक आहे.

बोलून टाइप करताना तुम्ही थांबलात की फोन समजतो, बोलणं संपलं. वयस्कर माणूस शब्द शोधत, दम घेत बोलतो. तो मधल्या श्वासाला थांबला की यंत्र वाक्य तोडून मोकळं होतं. उलट व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपात बोलणं कधी संपलं हे माणूस ठरवतो. बोट उचललं की संपलं, आणि फार वेळ धरवत नसेल तर पडद्यावरच्या कुलपाच्या चिन्हाकडे सरकवून हात मोकळा करता येतो. शिवाय तो आवाज ऐकणार असतो माणूस. त्याला तोंडात कवळी असलेल्या आजोबांचं बोलणंही कळतं आणि भोकरदनकडची बोलीही. यंत्राची मराठी बहुधा पुस्तकी मराठीवर पोसलेली असते. ॲपच्या यादीत 'कापूस' असतो, माणूस 'सरकी' म्हणतो. रचना करणाऱ्याने अशी नावं आधी गावात जाऊन गोळा केली नाहीत, तर आवाजाचं दार फक्त पुस्तकी बोलणाऱ्यांसाठी उघडतं.

आवाजाच्या आणखी दोन खोडी. पहिली, तो चारचौघांत पसरतो. पारावर बसून पीक विचारता येईल, खात्यातली शिल्लक नाही. यूपीआयचा पिन बोलून सांगायचा नसतो, तो आकड्यांनीच टाकायचा असतो, हे योग्यच आहे. दुसरी, ऐकलेलं टिकत नाही. फोनवरचा रेकॉर्ड केलेला आवाज सात पर्याय वाचून दाखवतो तेव्हा सातव्याला पोचेपर्यंत दुसरा विसरलेला असतो. लिहिलेल्या यादीवर नजर मागे नेता येते, ऐकलेल्या यादीवर नाही. त्यातून वयानुसार आधी कमी ऐकू येतात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. फोनची नाजूक 'टिंग' त्यातलीच. तिच्या जोडीला थरथराट हवा.

साधा आवाजी फोन मात्र कमी लेखू नका. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे. १८००-१८०-१५५१ लावायचा आणि आपल्या भाषेत विचारायचं. याहून सोपं 'ॲप' अजून झालेलं नाही. आणि मिस कॉल! ही तर आपल्याकडच्या लोकांनी स्वतः शोधून काढलेली इनपुट पद्धत. पैसे पडू नयेत म्हणून सुरू झालेली ही युक्ती पुढे कंपन्यांनी उचलली. मिस कॉलवर बँकेची शिल्लक कळते, गॅसची टाकी नोंदवता येते. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केलं, त्यातल्या चार मार्गांपैकी एक मिस कॉलचा आहे. मिस कॉल द्यायला फक्त नंबर लावता आला पाहिजे, आणि तो धावड्यातल्या कुठल्याही आजीला येतो.

५. जोडीने कामं कशी होतात?

१९८० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी एक गंमत करून दाखवली. माणूस खुर्चीत बसलेला, समोर भिंतभर पडदा. तो बोटाने एक आकृती दाखवतो आणि म्हणतो, 'ते तिथे ठेव'. यंत्र ठेवतं. नुसत्या बोलण्याने हे सांगायचं तर 'डावीकडून तिसरी, निळी, वरच्या ओळीतली' असं लांबण लावावं लागलं असतं. नुसत्या बोटाने 'ठेव' सांगता आलं नसतं. 'कुठे' हे बोट चांगलं सांगतं, 'काय करायचं' हे आवाज चांगला सांगतो.

पुढे १९९९ मध्ये शॅरन ओव्हियाट या संशोधिकेने या विषयातले गैरसमज एकत्र मांडले. त्यातला एक आपल्या कामाचा आहे. दोन चुकणारी साधनं एकत्र केली की चुका दुप्पट होतील, असं वाटतं. प्रत्यक्षात एक दुसऱ्याची चूक पकडतं.

हे धावड्याच्या शिवारात नेऊ. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या सातबाऱ्यावरचं पीक स्वतः मोबाइलवरून नोंदवायचं. खातं निवडायचं, गट नंबर, हंगाम, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन निवडायचं आणि शेतात उभं राहून फोटो काढायचा. हे सगळं भर उन्हात. पडदा चकाकतो, त्यात मोतीबिंदू. याद्या लांबलचक, आणि रेंज कधी आहे, कधी नाही.

आता कल्पनेने एक वेगळी रचना करून पाहू. आजोबा बांधावर उभे राहतात. फोनला जागा कळते, म्हणून तो स्वतःच गट नंबर सुचवतो आणि मोठ्याने वाचून दाखवतो. तारखेवरून हंगाम खरीप हे त्याला कळतंच. ते विचारायचं कशाला? आजोबा म्हणतात, 'सरकी'. वाऱ्यामुळे फोनला ते नीट ऐकू येत नाही. तरी 'पुन्हा बोला' न म्हणता तो दोनच मोठी चित्रं दाखवतो, कापूस आणि मका, आणि त्यांची नावं उच्चारतो. आजोबा कापसावर बोट ठेवतात. फोटो काढण्यासाठी पडद्यावरचं गोल चिन्ह शोधायला नको, बाजूचं आवाजाचं बटण दाबलं की फोटो. त्या बटणाला जोर कळतो, घट्टे असोत की बोट ओलं असो. शेवटी फोन सगळी नोंद वाचून दाखवतो आणि विचारतो, बरोबर आहे का?

इथे आवाजाने यादी लहान केली, नजरेने खात्री केली, बोटाने शिक्का मारला. एकेकटं साधन कच्चं आहे, पण काम पक्कं झालं.

आणि समजा, मधेच जमलं नाही. क्षेत्राचा आकडा टाकताना आजोबा अडले आणि त्यांना आवाजावरून आकड्यांच्या बटणांवर यायचं आहे. अनेक ॲपमध्ये अशा वेळी मागे जावं लागतं आणि आधीचं भरलेलं पुसतं. धावड्याहून जालन्याला निघालेला माणूस भोकरदनला गाडी बदलतो, तेव्हा त्याला प्रवास पुन्हा धावड्यापासून सुरू करावा लागत नाही. फोनमध्येही साधन बदललं तरी झालेलं काम टिकलं पाहिजे. मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची कसोटी हीच आहे. किती इनपुट दिले याची जाहिरात सगळे करतात. एकातून दुसऱ्यात जाताना काय हरवतं, ते कुणी सांगत नाही. तरुण माणूस पुन्हा भरतो. म्हातारा माणूस ॲप कायमचं बंद करतो.

६. नातू

एक इनपुट पद्धत कुठल्याच आराखड्यात नसते, पण प्रत्येक घरात असते. ती म्हणजे नातू. ई-पीक पाहणीच्या सुधारित ॲपमध्ये एका मोबाइलवरून पन्नास खातेदारांची नोंद करण्याची सोय दिली गेली, ती वस्तुस्थिती ओळखूनच. घरात, गल्लीत एकाला येतं आणि तो सगळ्यांचं करतो. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या नोंदींसाठी गावपातळीवर सहायकही नेमले गेले.

यात कमीपणा काही नाही. पूर्वी पत्रही दुसऱ्याकडून लिहून घेतच. अडचण येते ती नातवाला सगळ्याच किल्ल्या द्याव्या लागतात तेव्हा. पीक भरायचं म्हणून फोन दिला की त्यावर बँकेचा ओटीपीही येतो. चांगल्या रचनेत मदतनिसाला तेवढ्याच कामापुरतं दार असावं आणि शेवटचा होकार आजोबांचा असावा, ऐकून आणि बोट ठेवून. नाहीतर सेवा केंद्रावर जे घडतं तेच घरात घडतं. 'अंगठा ठेवा' म्हटलं की ठेवायचा, कशासाठी ते विचारायचं नाही.

७. हातातल्याच फोनवर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. दुसरा फोन घेण्याआधी आहे त्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडा. मराठीत ते 'प्रवेशयोग्यता' किंवा तशाच नावाने दिसेल. तिथे 'स्पर्श करून धरून ठेवण्याचा कालावधी' मिळेल. तो सर्वांत लांब करा. जोरात आणि उशिरापर्यंत दाबणाऱ्या बोटाचे बरेच घोटाळे इथेच थांबतात. आयफोनमध्ये स्पर्शाच्या अशा अडचणींसाठी 'टच ॲकोमोडेशन्स' आहे. तिथे कापऱ्या बोटाचा लागोपाठ झालेला दुसरा स्पर्श सोडून द्यायलाही सांगता येतं.

अक्षर एकदम सर्वांत मोठं करू नका. एकेक पायरी वाढवा आणि प्रत्येक पायरीला नेहमीचं ॲप उघडून 'पुढे'चं बटण दिसतंय का ते पाहा. कळफलक दोन ठेवा, एक देवनागरीचा आणि एक बोटाने लिहिण्याचा, आणि बोलायचा माइक कुठे आहे ते दाखवा. कोणता वापरायचा ते त्यांना ठरवू द्या. त्वचा कोरडी असेल तर हात धुऊन, पुसून, किंचित ओलसर असताना फोन घ्यायला सांगा. फोन उघडण्यासाठी ठसा ठेवला असेल तर एकाच बोटाचे दोन-तीन ठसे नोंदवा आणि सोबत आकडी पिनही ठेवा.

आणि २०१९ पासून अँड्रॉइडमध्ये खालची तीन बटणं काढून बोट सरकवून मागे जाण्याची पद्धत आली आहे. ती बंद करून तीन बटणं परत आणता येतात. 'मागे' जायची जागा डोळ्यांना दिसत असली की चुकून भलतीकडे गेलेला माणूस फोन ठेवून न देता एक पायरी मागे येतो.